अक्कांचा अ‍ॅडव्हान्स

गौराक्कांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या कापडदुकानाच्या वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी गेलो होतो. नवी नोकरी, नवा टाय, हातात औषधांची बॅग. "कुठलं पावणं?" एवढंच विचारून त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, अंगठा बोटावर फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्युअर कॉटन म्हणून घेतलास न्हवं? निम्मं पॉलिस्टर हाय. ज्यानं इकलं त्यानं तुला चेहऱ्यावरनंच वळखलं." खोली मला मिळाली. मला वाटतं, इतक्या सहज फसणारा माणूस भाडं बुडवण्याइतका हुशार नसणार, असा त्यांनी हिशेब केला असावा.

ही चिमूट म्हणजे गौराक्का. इरकल असो, खण असो, शाळेच्या युनिफॉर्मचं खाकी असो, कापडाचं ठाण पुढं आलं की डोळे मिटायचे आणि चिमटीत धरायचं. "हाताला इचारावं. डोळा पुढाऱ्यागत असतोय, समोर दिसंल त्याच्या बाजूनं बोलतोय," असं त्या म्हणत. त्या नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. एकदा रेशीम म्हणून घेतलेला सगळा गठ्ठा नकली निघाला. पण दोष बोटांना कधीच नव्हता. "त्या दिवशी हात गार होता," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला आणि गठ्ठा गादीच्या खोळी शिवायला दिला.

मी मूळचा नाशिककडचा. त्यामुळं अक्का स्वतःबद्दल 'मी गेलो, मी जेवलो' असं बोलत, तेव्हा सुरुवातीला मी मागं वळून बघायचो, कोण पुरुष बोलला म्हणून. कोल्हापुरात बायका असंच बोलतात हे कळायला मला महिना लागला. अक्का लिंगायत, माहेर निपाणीकडचं. रागावल्या की कानडीत शिरत आणि शांत झाल्या की मराठीत परत येत. नवरा लवकर गेला. मुलगा बसवराज, म्हणजे बसू, आणि दुकान, दोन्ही त्यांनीच वाढवलं. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत. तेवढा वेळ दुकानासमोर गिऱ्हाईक उभं असलं तरी उभंच राहायचं.

मी औषधकंपनीचा एमआर. खोकला, अ‍ॅसिडिटी आणि अंगात रक्त कमी असणं, एवढंच माझ्या बॅगेचं कार्यक्षेत्र. पण बॅग काळी होती आणि गळ्यात टाय होता, त्यामुळं गल्लीनं मला अर्धा डॉक्टर करून टाकलं. माझं नावही गेलं, लहानथोर सगळे 'एमार' म्हणू लागले. मी नाकारलं नाही. कुणी गुडघा दाखवला की मी तो दाबून "हं" म्हणायचो. त्या 'हं'वर माझे अनेक चहा झाले. लग्न झालं, दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, तरी मी अक्कांच्या माडीवरच राहिलो आणि एमारच राहिलो.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला एके दुपारी दुकान रिकामं होतं. अक्का ठाणाची घडी घालत होत्या. घडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "एमार, तुझ्या बॅगेत गाठीवर काय हाय?"

"कसली गाठ?"

"बाईमाणसाच्या छातीची."

मी विचारलं, "कुणाला आहे?" हा प्रश्न विचारल्याबद्दल मला कुणीतरी तेव्हाच थोबाडायला हवं होतं. अक्कांनी फक्त माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "अंघोळीला हाताला लागली. कापडात सुताची गाठ लागती तशी. दुखत न्हाय. दुखत न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय."

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. डावी बाजू काढली. टेबलावर घ्यायच्या आधी नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. अक्का म्हणाल्या, "हे मेल्यावरबी काढत न्हाईत. तू आत्ताच काढाय लागलीस." शेवटी सर्जननं लिंगाची डबी उजव्या दंडाला पट्टीनं बांधून दिली आणि भांडण मिटलं. रिपोर्ट आला. गाठ लहान होती, पण काखेतल्या गाठींपैकी काहींत रोग पोचला होता. पुढचं बघायला पुण्याहून आलेले कॅन्सरचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं जाताना अक्कांनी बसूला दुकानात ठेवलं आणि मला घेतलं. "त्याला काय कळतंय? तू औषधातला हाईस," म्हणाल्या. मी टाय बांधला.

डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलत होते. म्हणाले, रोग लवकरच्या अवस्थेत सापडलाय, तरी अ‍ॅडज्युव्हंट केमो द्यावी असं मला वाटतं. मी जाणत्यासारखी मान हलवली. मान हलवणं हा आमच्या धंद्याचा पायाच आहे. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. घरी येईपर्यंत त्याचा माझ्या डोक्यात सोयीस्कर असा दुसरा शब्द झाला होता. दुकानाच्या पायरीवर बसूनं विचारलं, "काय म्हणालं डॉक्टर?"

"काही नाही रे, अ‍ॅडव्हान्स केमो आहे म्हणाले."

बसूच्या हातातली कात्री कापडात तशीच अडकून राहिली. मला वाटलं, खर्चाच्या काळजीनं असेल. त्याला मी धीर दिला आणि वर जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून एक अख्खी जीप भरून पाहुणे उतरले. अक्कांचे थोरले भाऊ दारातच रडायला लागले. एका मावशींनी केळी आणली होती, दुसऱ्यांनी अंगारा. अक्का आतून पदराला हात पुसत आल्या आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "कोण गेलं?"

एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

"एमार, काय सांगितलास तू?"

"डॉक्टर म्हणाले तेच. अ‍ॅडव्हान्स."

"दुकानात अ‍ॅडव्हान्स देतो आमी, तसलं?"

"नाही आई," बसू भिंतीकडं बघत म्हणाला. "म्हंजे रोग लई पुढं गेलाय."

अक्कांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मग त्यांनी चपला घातल्या, म्हणाल्या, "चल. त्याच्याच तोंडनं ऐकतो," आणि पाहुण्यांना केळ्यांसह तसंच बसवून आम्ही परत दवाखान्यात.

"डॉक्टर, मी अ‍ॅडव्हान्स हाय व्हय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. औषधविक्रेता ओळखायची त्यांना सवय असणार. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढून सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाठ काढलीय. दिसणारा रोग अंगात उरलेला नाही. पण न दिसणारा एखादा कण कुठं निसटला असेल तर तो पुढं डोकं वर काढू नये म्हणून आधीच द्यायचं औषध, ते अ‍ॅडज्युव्हंट.

"आन् कण नसलाच तर?"

"तर औषधाची गरज नव्हती."

"ते कळणार कवा?"

"कळत नाही, अक्का. नसेल तर काही होणार नाही, आणि औषधानं मेला असेल तरी काही होणार नाही. दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हंजे अ‍ॅडव्हान्सच की," अक्का म्हणाल्या. "माल बघायच्या आधी दिलेला. ह्या येड्यानं शब्द बरोबरच सांगितला." मला तेव्हा एवढं हायसं वाटलं की मी पुन्हा मान हलवली.

मग औषधांची गोष्ट निघाली. तीन वाटा होत्या. पहिली जुनी, त्यातलं एक औषध पिवळं. खेपा जास्त, पण केस सहसा सगळे जात नाहीत. दुसरी तांबड्या औषधाची. ती जोरकस, केस जाणार, उलट्या होणार, आधी हृदय तपासून घ्यायचं. तिसरी म्हणजे आधी तांबडं आणि ते संपल्यावर पाण्यासारखं दिसणारं आणखी एक. काखेत रोग पोचलेला असल्यामुळं तिसऱ्या वाटेनं तो परत येण्याची भीती थोडी आणखी कमी होते, असं डॉक्टर म्हणाले. "थोडी म्हणतोय, पुष्कळ नाही. आणि त्या शेवटच्या औषधानं हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बहुतेकांचा कमी होतो. काहींचा राहतो."

"कुणाचा ऱ्हातोय ते आधी वळखता येतं?"

"नाही."

अक्कांनी दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले. "भंडारा, गुलाल, आन् गुलालावर पाणी," एवढंच म्हणाल्या. "आठ दिस द्या मला."

त्या आठ दिवसांत पेठेतल्या प्रत्येकाकडं चौथं औषध निघालं. कुणी गोमूत्र सांगितलं, कुणी गव्हांकुर. मी मात्र शास्त्रीय होतो. रात्रंदिवस विचार करून मी असा निष्कर्ष काढला होता, की बाईमाणसाचा सगळ्यात मोठा प्रश्न केस. तेव्हा पिवळं उत्तम. आणि घ्यावंच लागलं तांबडं, तर त्याचीही सोय असावी म्हणून नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या माझ्या एका मित्राकडून मी केसांचा टोप आणला. तो ऐतिहासिक नाटकातला निघाला. अंबाडा शेरभर, त्यावर कागदी गजरा शिवलेला आणि कानांवर दोन बटा. अक्कांनी तो हातात घेतला, सवयीनं चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "घोड्याचं हाय." मग बऱ्याच दिवसांनी हसल्या. हसता हसता टाक्यांवर हात दाबून धरला.

"एमार, केस परत येत्यात. ते डॉक्टरच म्हणाला. तू आन् बसू केसाकेसातच अडकलाय. बोटांचं कोण बोलंना."

बसू गल्ल्याजवळ होता. तो म्हणाला, "आई, बोटांचं काय एवढं? दुकान मी बघतो की."

"तुला पॉपलीन आन् मांजरपाट हाताला एकच लागतंय."

"लागू दे. दुकान बुडलं तर बुडलं." त्याचा आवाज एकदम चिरकला. "बाबा गेले तवा मी शाळेत हुतो. मला कुणी इचारलं न्हाय. आता मी सांगतोय. मला तू पाहिजेस. तुझी बोटं नगंत मला."

टोपाची गजऱ्याची बाजू वर करून तो अक्कांनी नीट कपाटात ठेवला. त्या दिवशी दुकान बंद करेपर्यंत मी बघत होतो. गिऱ्हाईक नसतानाही त्या एकेक ठाण काढत, डोळे मिटून चिमटीत धरत आणि परत ठेवून देत.

आठव्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं. मी घेतो," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर पुण्याचे. ते बसूकडं वळले. "तुम्ही नाही हो, औषध आईंना घ्यायचंय. त्यांना बोलू द्या."

"मीच बोलतोय की," अक्का म्हणाल्या. खोलीत तेवढंच हसू झालं. बसू हसला नाही.

तांबड्या औषधानं व्हायचं ते झालं. केस गेले, भुवया गेल्या, पाण्यालासुद्धा वास येऊ लागला. लघवी तांबडी होते हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं आणि मी ते सांगायला विसरलो होतो. त्या सकाळी मोरीतून अक्कांची जी हाक आली, ती ऐकून समोरच्या तालमीतले पोरगे धावत आले. पण तांबडं सोसलं. टोप त्यांनी एकदाच घातला, माझ्या बायकोला हसवायला.

पाण्यासारखं औषध सुरू झालं आणि अक्का म्हणाल्या, "हे तर गरीब हाय बिचारं." दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर पायातली चप्पल सुटून मागं राहायची आणि त्या तशाच पुढं जायच्या. मग ब्लाउजची बटणं लागेनात. दुकानात ठाण चिमटीत धरायच्या, डोळे मिटायच्या आणि उघडायच्या. गिऱ्हाईकाला म्हणायच्या, "तूच धरून बघ ग. कसं लागतंय सांग मला." लोकांना ती विकायची नवी तऱ्हा वाटली. धंदा उलट वाढला.

मला वाटलं होतं, पणाला लागलं होतं ते एवढंच. एका सकाळी किल्ली मागायला मी खाली गेलो. अक्का पाटावर होत्या. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग. पण डोळे उघडे होते, तळहातावर खिळलेले. मी परत फिरत होतो, तर त्याच म्हणाल्या, "थांब. झालीच म्हण पूजा."

लिंग डबीत ठेवायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाल्या, "लहानपणी दीक्षा झाल्यापास्नं रोज हातावर घेतोय. डोळे मिटलं की त्याचं वजन लागायचं. थंड लागायचं, मग हाताची ऊब घ्यायचं. आता डोळे मिटलं की हातावर काय न्हाईच. हाय का पडलं, बघायला लागतंय." डबी गळ्यात सारखी करत म्हणाल्या, "डॉक्टरनं इचारलं, काम काय करता. कापड म्हणालो. हे सांगायचं सुचलंच न्हाय बघ. हे काय काम हाय व्हय?"

माझ्या बॅगेत बधिरपणावरच्या गोळ्या होत्या. म्हणजे त्या त्यावरच्याच आहेत असं कंपनीचं म्हणणं होतं. मी त्यांना दोन पट्ट्या दिल्या. त्यांनी त्या माझ्या समाधानासाठी पूर्ण घेतल्या. पुढं उजवा हात बराचसा परत आला. डावा आला नाही.

मधली वर्षं चांगली गेली. केस आले, तेही कुरळे. बसूचं लग्न झालं, नात झाली. अक्का तिला डाव्या हातानं कधी घेत नसत. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं तपासणीला जायचो. मी टाय बांधणं सोडलं होतं. मग पाठ दुखायला लागली. अक्का म्हणाल्या, वय झालं. मी म्हणालो, गॅसेस. शेवटी दवाखान्यात हाडांचे फोटो काढले.

पुढच्या वर्षी अक्का गेल्या. पण मला सांगायचं आहे ते त्या फोटोंच्या दिवसाचं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, रोग हाडांत परत आलाय. अक्का म्हणाल्या, "बरं." बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात तिथल्या जुन्या नर्सबाई एका बाईला घेऊन आल्या. पेठ वडगावची शाळामास्तरीण, चाळिशीची, काखेला अजून ड्रेसिंग. नर्सबाईंना आतलं काही माहीत नव्हतं. "अक्का, ह्यांना तेच तीन सांगितलेत. ठरवता येईना. तुम्ही जरा बोला," म्हणाल्या आणि गेल्या.

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते बंद केलं.

"तुम्ही तिसरं घेतलंत ना?" बाईंनी विचारलं. "बोटांचं खरंच तसं होतं?"

"खरं सांगतो. माझ्या ह्या हाताचं गेलं ते आलंच न्हाय. सगळ्यांचं तसं हुत न्हाय, पण माझं झालं. तू हातानं काय करतीस?"

"फळ्यावर लिहिते. आणि पेटी वाजवते थोडी. घरापुरती."

"मग पेटीचं डॉक्टरला सांग. घरापुरती हाय म्हणून ठेवू नगंस. मी एक सांगायचं ऱ्हायलो."

मग बाईंनी विचारायचं तेच विचारलं. "पण गुण आला ना? तुम्ही बऱ्या झालात, तर मी पण तेच घेते."

मी दवाखान्याच्या फरशीकडं बघू लागलो.

"एकीच्या अंगावर बघून दुसरीनं कापड घेऊ नये बाळ," अक्का म्हणाल्या. "अंग येगळं असतंय. माझं बघून घेऊ नगंस आन् माझं बघून सोडूबी नगंस. डॉक्टर तुझ्या रिपोर्टाचं काय म्हणतोय ते धर, तुझ्या हाताचं त्याला सांग, आन् तू ठरीव." आणि मग बाईंच्या केसांवरून हात फिरवला. "केसांचं मातर मनाला लावून घेऊ नगंस. माझ्याकडं एक टोप हाय. घोड्याचा."

बाई हसल्या आणि आत गेल्या. त्यांनी कोणतं घेतलं ते मला माहीत नाही.

रिक्षात मी म्हणालो, "तुम्ही तिला परत आल्याचं सांगितलं नाहीत."

"तिनं तिच्या औषधाचं इचारलं. माझ्या रोगाचं कशाला सांगू? माझं आलं म्हणून तिचं येतंय व्हय?" रिक्षा रंकाळ्याच्या बाजूनं वळली. अक्का बाहेर बघत होत्या. "मला एक बोचतंय. तिसरं घे म्हणून बसू मागं लागला हुता. आता तो म्हणणार, बोटंबी गेली आन् रोगबी आला."

"तसं नाही. ते नसतं घेतलं तर आधीच आला असता कदाचित."

"कदाचित म्हणू नगंस त्याच्यापुढं. मला म्हण. मला चालतंय. तो पोरगा कदाचितवर जगणारा न्हाय."

दुकानाशी उतरलो तेव्हा बसू एका गिऱ्हाईकाला परकराचं कापड मोजून देत होता. अक्का त्याच्याकडं न बघता आत गेल्या. त्यानं गिऱ्हाईकाला वाटेला लावलं, मीटरपट्टी हातातच राहिली.

"परत आलंय," मी म्हणालो. "हाडात."

तो खाली बसला नाही, रडला नाही. पट्टीच्या खुणांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मग ते तिसरं औषध चुकलं का एमार? माझ्यामुळं?"

आयुष्यभर मी औषधांबद्दल खात्रीनं बोलत आलो होतो. ज्यांची मला कणभर माहिती नव्हती, त्यांच्याबद्दल तर जास्तच. डॉक्टरांपुढं, दुकानदारांपुढं, गल्लीतल्या गुडघ्यांपुढं. पण ते सगळं पगारासाठी.

"नाही," मी म्हणालो. "औषध बरोबर होतं. तुझ्यामुळं तिला एवढी वर्षं मिळाली."

"नक्की?"

"नक्की."